रोपं आडवी होण्याचं कारण युरिया नाही

युरिया कमी पडला म्हणून तंबाखूची रोपं आडवी झाली, असं इथे चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. आमच्याकडे नागपुरात जुलैची झड लागली की हेच होतं. देठ मातीलगत पाणचट, दोऱ्यासारखा बारीक होतो आणि सकाळी ट्रेमधली रोपं लोळलेली दिसतात. ही रोपमर आहे, जास्त ओलीमुळे येणारी. त्यात युरिया दिला तर रोप आणखी लुसलुशीत होऊन लवकर जातं. बी विरळ टाका. एका ग्रॅममध्ये 10,000 च्या आसपास बिया असतात, म्हणून मी चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत कालवून पेरते, वर माती लोटत नाही.

अजून एक, जे इथे कुणी बोललं नाही: खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटलेल्या हाताने रोपांना हात लावू नका. वाळलेल्या तंबाखूतही मोझॅकचा, म्हणजे पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगाचा, विषाणू टिकून राहतो. मागच्या वर्षी दिरांनी तशाच हाताने तंबाखूची बगलफूट (पानांच्या बगलेतले कोंब) खुडली, आणि काही दिवसांत कोवळ्या पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे आले. शेजारच्या कुंडीतलं टमाटरही तसंच झालं. दोन्ही झाडं मुळासकट उपटून टाकावी लागली, फार जिवाला लागलं. आता साबणाने हात धुतल्याशिवाय गच्चीवर कोणाला कुंडीला हात लावू देत नाही.