एकत्र घर, एकच ओटा आणि लेकीला गहू बंद: सल्ला हवा आहे

मुक्कामपोस्ट_नाशिक:
नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची आहे. सतत पोट दुखायचं, वजन वाढत नव्हतं, लोहाचं औषध देऊनही हिमोग्लोबिन जागचं हलेना. शेवटी रक्ताची टीटीजी चाचणी झाली, मग एंडोस्कोपी करून बायोप्सी. सीलिअॅकचं निदान पक्कं झालंय, म्हणजे गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते. ही तिन्ही धान्यं आयुष्यभर बंद. आहारतज्ज्ञांनी छापील यादी दिली, तिच्यात ब्रेड, पास्ता, केक, पिझ्झा. आमच्याकडे पास्ता होतो कधी! रोजच्या पोळ्यांच्या रगाड्यात काय करायचं, ते यादीत कुठेच नाही.

घरात आम्ही नऊ माणसं. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही. सासरे पोळीशिवाय जेवत नाहीत. सासूबाईंचा जीव आहे नातीवर, पण "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?" हे अधूनमधून येतंच. जाऊबाई दुसऱ्या टोकाला, म्हणतात उद्यापासून सगळ्यांनीच गहू सोडू. मला कुणाच्या ताटातली पोळी काढायची नाहीये. गहू घरात ठेवून हे जमतं का? शाळेचा डबा काय द्यायचा? आणि गणपती तोंडावर आलेत, ते वेगळंच.

चिंचपाणी:
जमतं हो. आमच्याकडे नवऱ्याला आहे आणि बाकी सगळे पोळ्या खातात.

शेजारच्या ताटातल्या भाजलेल्या पोळीला घाबरू नका. घाबरायचं ते कोरड्या कणकेला. कणीक चाळताना आणि लाटताना पीठ उडतं, ओट्यावर बसतं, उघड्या कोशिंबिरीत पडतं. म्हणून लेकीचा स्वयंपाक आधी करायचा, झाकून बाजूला ठेवायचा आणि मग पोळ्यांना हात घालायचा. हा क्रम कुणासाठीही बदलायचा नाही.

पोळपाट, लाटणं, तवा, पिठाची चाळणी आणि लाकडी उलथणी तिची वेगळी. लाकडाच्या भेगांत कणीक राहतेच आणि तवा कितीही तापवला तरी ग्लूटेन जळून 'शुद्ध' होत नाही. स्टीलची ताटं-वाट्या, कुकर, पातेली वेगळी नकोत, साबणाने नीट घासली की पुरे. आमच्याकडे वेगळ्या वस्तूंना लाल दोरा बांधलाय, कामाच्या मावशींनाही तो लगेच कळतो.

आता तूप. पोळीवर तूप सोडून तोच चमचा परत डब्यात जातो, बघा कधी लक्ष देऊन. चमच्याच्या पाठीला पोळीचे कण चिकटलेले असतात. लोणी, जॅम, लोणचं, सगळ्यांचं तेच. लेकीची छोटी तुपाची वाटी वेगळी काढा. पोळ्यांचं फडकंही तिच्या भाकरीवर नको.

भाजणी:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण तुम्ही लोक गिरणी विसरलात. ओटा कितीही लख्ख ठेवा, ज्वारी कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आणलीत तर सगळं मुसळ केरात. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात असतो, तो तुमच्या पिठात उतरतो. "भाऊ, आधी थोडे तांदूळ दळून घ्या" म्हणून भागत नाही.

घरघंटी घ्या आणि नियम उलटा करा: गहू बाहेर दळायचा, घरच्या घंटीत गव्हाचा दाणासुद्धा जाणार नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, हरभराडाळ, सगळं त्यात. बेसनही विकतचं नको, ते कुठे दळलंय कुणास ठाऊक.

दळायच्या आधी धान्य निवडायचं. सुट्या ज्वारी-बाजरीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. हे काम सासूबाईंकडे द्या. ताटात पसरून दाणे वेचण्यात त्यांचा हात आपल्यापेक्षा बसलेला असणार. आणि पहिल्याच ताटात पाच-सहा गहू निघाले की "काय होतंय" आपोआप बंद होतं!

पाटावरवंटा:
हिंग!! कुणीच कसं लिहिलं नाही? बाजारातला बांधानी हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि बरंचसं पीठ, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. रोजच्या आमटीची फोडणीच बाद. डबीवरची बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठातला मिळतो, ग्लूटेन-फ्री छापलेलाही मिळतो. अख्ख्या घराचा हिंग एकदाच बदलून टाका, चवीत कुणाला कळणारही नाही. सासऱ्यांना तर नाहीच.

आपल्याकडच्या आणखी लपलेल्या जागा: मेतकूट (त्यात गहू भाजून घालतात), थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ, लापशी, शेवया, रवा. मुलांच्या दुधातल्या पावडरींत माल्ट असतं, म्हणजे बहुतेक वेळा जवच. चायनीजमधल्या सोया सॉसमध्ये गहू. आणि खपली! "खपली चालतो, जुना गहू आहे" असं सांगणारे भेटतीलच. खपली गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, सीलिअॅकला चालत नाही.

पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, असा आपल्याकडे एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा) नियम आहे. 'लो ग्लूटेन' म्हणजे २० ते १००. ते घेऊ नका.

कोरा_चहा:
जाऊबाईंचं फार मनावर घेऊ नका, पण झिडकारूही नका. सगळ्यांनी गहू सोडण्याआधी एक गोष्ट करा: तुमची, नवऱ्याची आणि लेकीला सख्खं भावंड असेल तर त्याची टीटीजी चाचणी. सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता बरीच जास्त असते, कधी कधी काही त्रास नसतानाही. आणि चाचणी गहू खात असतानाच करायची. आधी सोडला तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या. सुनेने दहादा सांगितलेलं एक आणि डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं एक. काही महिन्यांनी परत टीटीजी करतात, तो आकडा उतरलेला दिसला की घरात वेगळं भाषण लागत नाही. आणि तुकडा खाल्ल्यावर पोट दुखलं नाही म्हणजे चाललं, असं नाही. आतड्याला इजा होते ती बाहेरून दिसत नाही.

रूममेट_३०२:
मी पुण्यात तिघांबरोबर फ्लॅटमध्ये राहतो, सीलिअॅक मलाच. इथे सासूबाई नाहीत, पण दोन वाजता मॅगी करून ती चाळणी तशीच टाकणारे आहेत. माझं मत जरा वेगळं: लहान मुलीच्या घरात रवा-मैदा तरी पूर्ण बंद करा. गहू फक्त पोळीपुरता राहिला की लक्ष ठेवायला एकच जागा उरते. उपम्याला वरी, शिऱ्याला राजगिरा. घरात रवा नसेल तर कुणी चुकून शिरा करणारच नाही.

भाजणी:
डब्याचं राहिलं. गार ज्वारीची भाकरी नऊ वर्षांचं मूल खाणार नाही, बळजबरी करू नका. तांदळाची उकड काढून केलेली भाकरी गार झाली तरी मऊ राहते. ज्वारीच्या पिठाचीही उकळत्या पाण्यात उकड काढा, चमचाभर इसबगोल घाला, छान मळा. पातळ लाटता येते आणि तिची गुंडाळीही होते. बाकी पोहे, घावन, मुगाचं धिरडं, घरची इडली. थालिपिठाची भाजणी गहू वगळून घरीच करायची, धणे-जिरे जरा सढळ घाला. ओट्स मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, साध्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असतो.

बाईंना लेखी कळवा. डब्यांची अदलाबदल होतेच, आणि वाढदिवसाचा केकही वर्गात येतोच.

चिंचपाणी:
गणपतीची काळजी तर सोडाच, तो सण आपल्याच बाजूचा. उकडीचे मोदक, खिरापत, अळूवडी, ऋषीची भाजी, वरणभात, सगळं चालतं. हिंगाचं तेवढं वर आलंच आहे. मोदकाची पिठी घरच्या घंटीतली. तळणीचे मोदक बाद. गौरीच्या पुरणपोळीच्या दिवशी तिला पुरण वाटीत, वर दूध-तूप. आमच्याकडे आता इतरही तसंच मागतात. आरतीनंतर शेजारून येणारा प्रसाद सत्यनारायणाचा असेल तर रव्याचा असतो. तिच्या हातावर ठेवू देऊ नका, कपाळाला लावून तुम्ही खा.

दिवाळीत तळणीचा क्रम लक्षात ठेवा: कोरं तेल, आधी अनारसे, चकली, शेव. करंज्या-शंकरपाळे शेवटी. ते तेल मग तिच्यासाठी वापरायचं नाही.

मुक्कामपोस्ट_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. हिंगाची डबी आत्ताच पाहिली: "गव्हाचे पीठ". म्हणजे भाकरी खाऊनही त्रास का होत होता ते कळलं. रवा-मैदा बंद करायला जाऊबाई एका पायावर तयार आहेत. चाचण्यांसाठी सोमवारी जातोय. घरघंटीवरही एकमत झालंय. शेजारचे काका त्यांची जुनी निम्म्या किमतीत देतायत, घेऊ का?

भाजणी:
नको! त्यांनी त्यात इतके दिवस गहूच दळला असणार. आतल्या कानाकोपऱ्यातली कणीक पूर्ण निघत नाही. नवीच घ्या, आणि आल्या दिवशी झाकणावर मोठ्या अक्षरात "गहू नाही" लिहून चिकटवा.