डिझेल मुरलेली काळी जमीन आणि विहीर जिवाणूंनी साफ होईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यावल तालुक्यात आमची केळी आणि कपाशी आहे. भर उन्हाळ्यात बांधालगत डिझेलचा टँकर उलटला. वरचं डिझेल उपसलं, बाकीचं भेगांतून खाली गेलं. काळ्या जमिनीला तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्यामुळे ते किती खोल गेलं याचा अंदाज लागत नाही. त्या कोपऱ्यातली केळी करपली. पावसानंतर विहिरीवर तवंग दिसू लागला. ते पाणी माणसांना, गुरांना आणि ठिबकला बंद केलंय.

एक विक्रेता जिवाणूंची पावडर देतोय, 'महिन्यात वास जाईल' म्हणतो. पण डिझेल थोडंफार उडूनही जातं, मग वास गेला म्हणजे जिवाणूंनी ते खाल्लं असं कसं धरायचं?

जिवाणूंवर माझा विश्वास आहे. टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या 'ऑइलझॅपर'मध्ये असेच निवडक जिवाणू असतात आणि आपल्याकडे तेलगाळावर ते वापरलेही गेलेत. पण 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर नत्र-स्फुरदाचं खत देऊन तिथल्याच जिवाणूंचं काम वाढवलं होतं. मग आपल्या मातीतल्या जिवाणूंना हवा, ओल आणि खत दिलं तर पावडरीची गरज उरते का?

जिवाणूंसाठी मातीत कर्ब (कार्बन, डिझेलमध्येही तोच असतो), नत्र, स्फुरद यांचं प्रमाण 100:10:1 असावं असं वाचलंय. युरिया आणि सुपर फॉस्फेटने ते जमेल. शेणखताची मात्र धास्ती वाटते. त्यातही कर्ब असतो, मग जिवाणू डिझेल सोडून तोच आधी खात बसतील का?

खरी अडचण हवेची आहे. आपली जमीन ओली झाली की चिकट होते, आत हवा खेळत नाही, आणि वाळली की ढेकळं. वरची माती काढून ताडपत्रीवर पसरायची आणि वाफसा आला की उलथत राहायची, असा विचार आहे. कोणी काळ्या मातीत हे केलंय का? कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुगा मिसळला तर माती मोकळी राहील का?

विहिरीचा तवंग आधी काढणार आहे, पण खालच्या पाण्यात विरघळलेल्या डिझेलचं काय? नुसती हवा सोडून भागतं का?

जळगाव, धुळे किंवा नाशिककडे माती-पाण्यातलं डिझेलचं प्रमाण मोजून देणारी प्रयोगशाळा माहीत असेल तर कृपया सांगा. काम सुरू करण्याआधीचा आकडा मला हवाय. थोडी माती काहीही न टाकता बाजूला ठेवणार आहे, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

कांदेबागेची, म्हणजे केळीच्या पावसाळ्यानंतरच्या हंगामाची लागवड तोंडावर आहे. तो कोपरा यंदा पडीक ठेवतोय, पण त्याला लागून असलेल्या ओळींत केळी लावावी की नाही?