"पण तू करतं काय बाप्पा?" : मोठ्या आयटी कंपनीतले आपल्या विदर्भातल्यांचे अनुभव

मागच्या महिन्यात गावी तेरवीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मोठे काका ओट्यावर पान लावत बसले होते. पॅकेज किती, ते गावानं केव्हाच विचारून घेतलंय. काकांनी पहिल्यांदाच विचारलं, "पण तू करतं काय बाप्पा?" नऊ वर्षांच्या नोकरीत मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. म्हटलं, अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचा प्रोग्राम आहे, त्यातल्या चुका शोधून काढतो. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "म्हंजे डवरण. पीक त्यायचं, तण तू काढतं."

यापेक्षा चांगलं माझ्या मॅनेजरलाही सांगता आलेलं नाही.

तर आपल्या भागातून अशा कंपन्यांत गेलेल्यांनी लिहा. कंपनीचं नाव नको, पगाराचे आकडे नको. काय घडलं ते सांगा. (दारव्हा तालुका)

*

डवरणीवरून आठवलं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. मी घरून काम करत होते. सकाळी दहाच्या आतच स्क्रीन निळी पडली. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट जगभर गेलं होतं. विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बसले, विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आमच्या घरात एकच संगणक बसला, पण तो माझा.

दुरुस्तीसाठी आधी ४८ आकडी किल्ली टाकावी लागते, सहा-सहाचे आठ गट. ती हेल्पडेस्कवाला फोनवर सांगणार आणि आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर. वर झिमझिम पाऊस, त्यामुळे लॅपटॉप वर नेता येईना. मग मी छत्री धरून गच्चीवर, भाऊ जिन्यात, धाकटी बहीण खाली लॅपटॉपपुढे. चेन्नईचा माणूस इंग्रजीत एकेक आकडा सांगतो, मी भावाकडे ओरडते आणि हा शहाणा घाई म्हणून दोन-दोन आकडे जोडून मराठीत पुढे पाठवतो. तिसऱ्या गटात अडकलो. एकोणसाठ का एकोणसत्तर? खालून बहीण, "घेऊन नाही रायला!" परत पहिल्यापासून. चौथ्या खेपेला घेतलं. मग नावात २९१ असलेली एक फाईल पुसायची, बस एवढंच. बाबा वावरातून शिदोरी न्यायला आले होते, ते दारातच उभे राहून हे सगळं पाहत होते. म्हणाले, "एवढ्यात माह्या चार तासी झाल्या असत्या." (वरूड)

*

आमच्या घरी अमेरिकेचं घड्याळ चालते. उन्हाळाभर मीटिंग संध्याकाळी सात वाजता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागं घेतात, की आमची मीटिंग आठ वाजता. ऐन कापूस वेचणीत. मजुरांचा कापूस मोजून, चुकारा करून आई भाकरी टाकते आणि मी कानाला हेडफोन लावून बसलेला. "त्यायनं घड्याळ फिरवलं तं आपण काहून उपाशी राहाचं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. मार्चमध्ये परत सात वाजतात, तवर तिला आठची सवय झालेली असते. (दिग्रसकडे)

*

मी जरा कडू लिहितो. रुजू होताना दोन वर्षांचा बाँड होता, आधी सोडलं तर पैसे भरा. बाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "पाडव्याले सालदार ठेवतो, तसंच हाय हे. फक्त दोन सालाचं."

ट्रेनिंग संपलं आणि प्रोजेक्टच नाही. चार महिने बेंचवर. बेंच म्हणजे पगार सुरू, काम शून्य, पण कार्डावर रोज नऊ तास दिसले पाहिजेत. मी कँटीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ते नऊ तास काढायचो. पोळ्याला घरी आलो तर बाबांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं, पोरगा कॉम्प्युटरचा इंजिनिअर हाय, लय काम असते त्याले. बैलांच्या ओळीत उभ्याउभ्या चारजणांनी विचारलं, काम कसं चाललं? मी चौघांनाही "जोरात" म्हणालो. आमच्या बैलजोडीला त्या वर्षी नव्या झुली होत्या, माझ्या पगारातल्या.

शेवटी कोबोलवर टाकलं, कोणी घेत नव्हतं म्हणून. १९५९ सालची कॉम्प्युटरची भाषा, माझ्या आबाच्या लग्नाआधीची. पहिले सहा महिने स्वतःची लाज वाटायची. आज सात वर्षं झाली, त्याच भाषेवर घर चालतंय. माझ्यासोबतचे जे नव्या चकचकीत प्रोजेक्टवर गेले, त्यातले दोघं पुन्हा बेंचवर आहेत. कंपनी आमच्या कामाला देते त्या रेटिंगबद्दल मात्र लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. (मेहकर)

*

मी नागपूरच्या मिहानमध्ये. रोज गावाहून ये-जा. पुण्याचे मित्र विचारतात, विदर्भात आयटी आहे का? आहे ना भाऊ, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, सगळे बसलेत इथं. घरचं दूध पिऊन जातो, एवढाच फरक. (बुटीबोरीजवळ)

*

सासर खेड्यात, नोकरी घरून. शेजारच्या काकूंचं म्हणणं, "सून दिवसभर फोनवर बोलते अन् सासू चूप राहते." सासूबाईंनी यावर उपाय काढला. कॉल सुरू झाला की त्या माझ्या खोलीच्या दाराशी तुरी निवडत बसतात. कोणी आलं की सूप पुढं सरकवून म्हणतात, "हे पाखडा तवर, तिचं हपीस सुरू हाय." आता फारसं कोणी येत नाही. (दर्यापूर)

*

माझं थोडक्यात. मागच्या वर्षी एका सकाळी लॉगिन झालंच नाही. थोड्या वेळानं घरच्या ईमेलवर पत्र आलं. अकरा वर्षांची नोकरी होती.

लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला यायचा होता, त्याला गाव सापडेना. मीच गाडी काढली आणि फाट्यावर गेलो. चहाच्या टपरीच्या बाकावर लॅपटॉप ठेवला, त्यानं नंबर जुळवला, फोटो काढला, मोबाईलवर बोटानं सही घेतली. चहा मी पाजला. बिचारा उन्हातून आला होता.

बॅग त्याच्या यादीत नव्हती, ती परत आणली. आता त्यात सातबारा, आईचं पासबुक आणि सोयाबीनच्या काटापट्ट्या असतात. (समुद्रपूर)