पाडव्याला पळणाऱ्या म्हशींचे फोटो पुसट येतात, शटर किती ठेवायचा?

रंकाळ्याकाठी
नमस्कार मंडळी. दिवाळी पाडव्याला आपल्याकडं कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात, त्याचे फोटो काढायचे आहेत. सध्या सकाळी गोठ्यातून बाहेर पडणाऱ्या म्हशींवर सराव चालू आहे. कॅमेरा कॅनन २००डी मार्क २, लेन्स ५५-२५०. मोड एव्ही (एफ मी ठरवतो, शटर कॅमेरा ठरवतो), एफ म्हणजे लेन्सचं तोंड ५.६, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता २००, फोकस वन शॉटवर. म्हैस उभी असली की पापण्या मोजता येतील असा फोटो येतो. पळायला लागली की सगळं पुसट. फोटोच्या तपशिलात शटर १/२०० किंवा १/२५० सेकंद दिसतो. दाणे येतात म्हणून आयएसओ वाढवत नाही. लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालूच असतं. मग चुकतंय कुठं? नवी लेन्स घ्यावी लागेल का?

शटरकळ
लेन्स बदलू नका, लेन्सचा काही दोष नाही. आधी एक पुसट फोटो १०० टक्के मोठा करून बघा. म्हैस, रस्ता, मागची भिंत सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हललाय. भिंत स्वच्छ आणि म्हैसच तेवढी ओढलेली असेल तर शटर कमी पडलाय. आणि म्हशीच्या पुढची किंवा मागची जमीन लख्ख, पण तोंड मऊ, असं असेल तर फोकस चुकलाय. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे बघितल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका.

स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं. म्हशीचं पळणं त्याला थांबवता येत नाही.

आता हिशोब बघा. म्हैस ताशी ३० किमीनं पळाली तर सेकंदाला ८.३ मीटर जाते. १/२५० सेकंदात ती ३३ मिलिमीटर सरकते, १/१००० मध्ये ८, १/२००० मध्ये ४. तुमच्या कॅमेऱ्यात १०० मिमीवर, १५ मीटर अंतरावरून चौकटीत सुमारे ३.४ मीटर रुंदी मावते आणि फोटो आडवा ६००० पिक्सेलचा. म्हणजे कॅमेरा एका जागी धरून आडव्या पळणाऱ्या म्हशीचा फोटो १/२५० ला काढला तर ती जवळजवळ ६० पिक्सेल फासली जाते. १/१००० ला १५, १/२००० ला ७. पुढं पडणारा खूर धडाच्या दुप्पट वेगानं जातो, त्यामुळं पाय आणखी पुसट.

तेव्हा आडव्या पळण्याला १/१६०० ते १/२००० ठेवा आणि म्हशीबरोबर कॅमेराही फिरवा, कमरेतून. नजर तिच्यासोबत चालली की धडाची हालचाल बरीच कटते. समोरून येत असेल तर १/८०० लाही भागतं, पण तिथं फोकसची परीक्षा असते.

काळी म्हैस पांढरं शिंग
शटरकळ यांचं सगळं बरोबर. पण शटर १/२५० वर आला कसा, हे कुणी बघितलं नाही. भर उन्हात आयएसओ २०० आणि एफ ५.६ ला १/१६०० मिळायला हवा. सकाळचं ऊन कोवळं असतं हे धरलं तरी १/२५० कमीच आहे.

कारण म्हैस काळी आहे! कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चौकटीतलं सगळं मध्यम करड्या रंगाचं करायचं असतं. चौकट काळ्या कातडीनं भरली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि एव्ही मोडमध्ये तो शटर हळू करतो. म्हैस राखाडी होते आणि वर फासलीही जाते. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरपेक्षा उजळ की गडद हवा ते) उणे १ करा. तिथल्या तिथं १/२५० चा १/५०० होतो आणि काळा रंगही काळा राहतो. दाजीपूरच्या गव्याच्या फोटोत हीच चूक सगळ्यात जास्त दिसते.

ऊन एकसारखं असेल तर मला एम मोडच (शटर, एफ सगळं आपणच ठरवायचं) पटतो: एफ ५.६, १/१६००, आयएसओ ४०० पासून सुरुवात, आणि शिंगांवरचा पांढरा रंग जळत नाही ना हे हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, बघायचं. ढग येत-जात असतील तर टीव्ही मोडमध्ये (शटर आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा) १/१६००, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००, कॉम्पेन्सेशन उणे २/३. दाण्यांची भीती सोडा. दाणे नंतर कमी करता येतात, फासलेला डोळा परत आणता येत नाही.

मसाई पठार
फोकसवर थोडं. वन शॉट म्हणजे अर्धं बटन दाबलं तिथं फोकस कुलूपबंद. २५० मिमी, एफ ५.६, अंतर १५ मीटर असताना धारदार पट्टा जेमतेम ७५ सेंटिमीटरचा असतो. समोरून येणारी म्हैस तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ओलांडते. तुम्ही अर्धा सेकंद थांबलात तर ती चार मीटर पुढं आलेली असते.

एआय सर्व्हो लावा, त्यात फोकस हलत्या म्हशीमागं जात राहतो. फोकसच्या नऊ पॉइंटांपैकी फक्त मधला निवडा, या कॅमेऱ्यात क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) तोच आहे. तो काळ्या पाठीवर ठेवू नका, पकडायला तिथं काहीच नसतं आणि लेन्स पुढंमागं शोधत बसते. रंगवलेल्या शिंगाचं बूड किंवा कपाळावरचा गोंडा धरा, डोळा त्याच्या जवळच असतो. म्हैस चौकटीत आल्यावर सेकंदभर आधी अर्धं बटन दाबून माग काढायला सुरुवात करा, मग फोटोंची झड. सेकंदाला पाच निघतात. मध्ये बोट उचललं की माग पहिल्यापासून. उन्हात पडद्यावर बघून काढू नका, व्ह्यूफाइंडरला डोळा लावा.

रंकाळ्याकाठी
मोठे करून बघितले. आडवे फोटो म्हशीपुरतेच फासलेत, समोरचे फोकसला चुकलेत. लई उपकार. आता दोनच शंका: संध्याकाळी उजेड गेल्यावर काय? आणि भावाकडं नुसता मोबाईल आहे, त्यानं काय करावं?

काळी म्हैस पांढरं शिंग
पाडव्याच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो. पाचपर्यंत आयएसओ ४००-८०० वर निभतं, गल्लीतल्या सावलीत १६००. सूर्य गेल्यावर १/१००० साठी ६४०० लागतो, त्यापेक्षा सरळ पॅनिंग करा. शटर १/६०, कॅमेरा म्हशीच्या वेगानं फिरवत राहा, फोटो निघाल्यावरही फिरवणं थांबवू नका. डोकं स्वच्छ, पाय आणि गर्दी रेघांची. वीसात दोन साधले तरी चांगलं. म्हशीचं डोकं वरखाली होतं, त्यामुळं १/३० ला फार हुकतं.

शटरकळ
मोबाईलवाल्यानं आधी लेन्स सुती कापडानं पुसावी, बोटाचा तेलकटपणा सगळं धूसर करतो. नाइट मोड बंद, कारण तो बरेच फोटो एकावर एक चढवतो आणि पळणारी म्हैस दुहेरी येते. प्रो मोड असेल तर शटर १/१०००. बोटांनी झूम करण्यापेक्षा आधीच मोक्याची जागा धरावी.

जागा म्हणजे रस्त्याची कड, गर्दीच्या रांगेत. म्हैस मालकाच्या मोटरसायकलमागं पळते आणि गाडी कुठं वळेल सांगता येत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा असताना अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून दुसरा डोळा उघडा ठेवा. तोवर फुटपाथवर उभं राहून रंकाळ्याच्या रस्त्यानं ताशी तिशीनं जाणाऱ्या दुचाकींवर सराव करा. वेग तोच, आणि काळी गाडी मिळाली तर मीटरचंही कळेल.