'कॉन्टेम्प्लेशन'ला मराठीत काय म्हणायचं? चिंतन, ध्यान की आणखी काही?

मिरजकर: आमच्या चर्चमध्ये लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, दर शनिवारी संध्याकाळी शास्त्रवचन घेऊन शांत प्रार्थना सुरू करतोय, त्याचं दोन पानी पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. लेक्शिओ दिव्हिना, म्हणजे शास्त्रवचन वाचत प्रार्थनेत शिरायची जुनी रीत, बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन पंथाच्या मठवाशानं शिडीसारख्या मांडलेल्या चार पायऱ्या. पहिल्या तिन्हींना वाचन, मनन, प्रार्थना सरळ बसतं. चौथी कॉन्टेम्प्लाशिओ, तिथं अडलंय. मी 'चिंतन' लिहिलं, ते पाळकसाहेबांनी खोडून 'ध्यान' केलं, आणि महिला मंडळात ध्यान म्हटल्याबरोबर विचारलं गेलं की हे विपश्यनेसारखं काय आहे का, आपल्यात चालतं का. गुरुवारी छापायला द्यायचंय, शब्द सुचवा.

शब्दवेडी: चिंतन नकोच. चिंतनात डोकं चालू असतं आणि चौथ्या पायरीवर तर शब्द संपल्यावर देवासमोर नुसतं राहायचं असतं. शिवाय मनन-चिंतन आपण जोडीनंच बोलतो, मग दोन पायऱ्या वेगळ्या कळणार कशा? आयता शब्द आहे की, निदिध्यास. बृहदारण्यक उपनिषदात श्रवण, मनन, निदिध्यासन हाच क्रम येतो.

सातारारोड: निदिध्यास म्हटलं की लोकांना ध्यास आठवतो, एखाद्या गोष्टीच्या हात धुऊन मागं लागणं. इथं तर मागं लागणंच सोडायचंय. आणि ध्यान शब्दाचं एवढं भ्या कशाला? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 ला इथं साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले सगळ्यांना आत घेतलं होतं. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं सांगणारा माणूस तो. शंभर वर्षं उलटली तरी आपण अजून ध्यान म्हणायचं का नको यावरच.

शब्दवेडी: भीतीचा प्रश्न नाही, नेमकेपणाचा आहे. आणि लोकांना अवघड शब्द कळत नाहीत हे मला पटत नाही. 'नियमशास्त्र', 'प्रायश्चित्त' आपल्या आज्या न अडखळता म्हणतात.

कृष्णाकाठ: चौथीचं राहू द्या, मला दुसऱ्या पायरीवरच शंका आहे. बायबलातल्या पहिल्या स्तोत्रात 'रात्रंदिवस मनन' आहे ना, तिथं हिब्रूत हागा हे क्रियापद आहे, पुटपुटणं, गुरगुरणं. यशया 31 मध्ये सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथंही तेच. म्हणजे मनन मनातल्या मनात नव्हतंच, तोंडात होतं. आमचे वडील पहाटे धार काढताना 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढंच घोळवत बसायचे, ओठ हलायचे पण आवाज धारेच्या आवाजात मिसळून जायचा, आणि 'मला काही उणे पडणार नाही' येईपर्यंत बादली अर्धी झालेली असायची. जुने मठवासी याला रवंथ म्हणायचे, लॅटिनमध्ये रुमिनाशिओ. मी तर पत्रकात रवंथच घालीन.

तासगावची: रवंथ नको हो दादा, बायबल घेऊन बसलेल्या माणसाला म्हशीच्या ओळीत कशाला बसवायचं.

कृष्णाकाठ: त्यात कमीपणा काय? संस्कृतातला रोमन्थच तो, चांगला खानदानी शब्द आहे.

तासगावची: खानदानी असला तरी गोठ्यातच राहिलाय. बरं, मूळ प्रश्नावर माझं मत. आमच्या आत्याला यातलं एक नाव माहीत नव्हतं, पण जेवणं झाली की बायबल उघडून एक वचन वाचायची, मग पुस्तक मिटून पदर डोक्यावर घेऊन बसून राहायची. कुणी हाक मारली तर म्हणायची, "थांब की जरा, देवापाशी निवांत बसलीया." मला वाटतं चौथी पायरी म्हणजे 'निवांत'. सगळ्यांच्या तोंडातला शब्द आहे.

सातारारोड: निवांत म्हणजे आपल्याकडं कामधंदा नसलेला. "काय चाललंय?" "निवांत." पत्रकात शोभणार नाही.

कृष्णाकाठ: उलट फार शोभेल! निवांत हा 'निवात'वरून आलाय असं माझं मत, गीतेच्या सहाव्या अध्यायात निवातस्थ दीप आहे तो, वारा नसलेल्या जागेतला. आता बायबलात 1 राजे, अध्याय 19 काढा. एलीया डोंगरावर उभा, सोसाट्याचा वारा येतो, वाऱ्यात परमेश्वर नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही, आणि मग ती अगदी बारीक शांत वाणी. वारा गेल्यावरची जागा, म्हणजे निवांतच की.

शब्दवेडी: जुळतंय म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. तो अनुस्वार कुठून आला? मला 'निवणे' जवळचं वाटतं, दूध निवतं, राग निवतो.

कृष्णाकाठ: निवणेला 'अंत' लावून निवांत? ते मला ओढूनताणून वाटतं.

मिरजकर: सगळ्यांचे आभार, पण गुरुवार जवळ आला. आत्ता कच्च्या प्रतीत 'चौथी पायरी: देवापाशी शांत राहणे' असं ठेवलंय. एका शब्दात बसत असेल तर सांगा.

सातारारोड: 'विसावा' घ्या. स्तोत्र 23 मध्ये 'संथ पाण्यावर' आहे, तिथं हिब्रूत विसाव्याचं पाणी असा अर्थ निघतो. चौथ्या पायरीला दुसरं काय असतं, मेंढरू पाणी पिऊन बसलं एवढंच.

शब्दवेडी: विसावा चालेल, फक्त विसावा दमल्यावर घेतात, आणि प्रार्थनेनं माणूस दमतो असं सुचवायचंय का ते ठरवा.

सातारारोड: दमतोच. अर्धा तास स्वतःशी भांडून कोण दमत नाही?

तासगावची: मला मात्र 'संथ पाणी' खटकतं. संथ म्हणजे हळूहळू वाहणारं ना? थांबलेलं पाणी वेगळं. मग मेंढरं वाहत्या पाण्यावर नेली का साठलेल्या?

कृष्णाकाठ: वाहत्याच. आमच्याकडं सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली उन्हाळ्यात पाणी असतं त्याला आम्ही संथच म्हणतो, आणि ते वाहतं.

शब्दवेडी: आमच्या कोरेगावकडं संथ म्हणजे हललेलं दिसत नाही असं. तळ्यालाही संथ म्हणतो आम्ही.

कृष्णाकाठ: तळ्याला संथ? कधी ऐकलं नाही बघा. सांगलीकडच्या आणखी कुणी ऐकलंय का?