'स्टॉल'ला मराठीत काय म्हणावं? (मानवरहित विमान कमी जागेत उतरवण्याच्या संदर्भात; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

उद्यमनगरी

उसाचं क्षेत्र मोजण्यासाठी कोल्हापूर भागात उडवायच्या, दोन किलो वजनाच्या स्थिरपंखी मानवरहित विमानाची मराठी माहितीपुस्तिका लिहिली जात आहे. विमानाला चाकं नाहीत, ते पोटावर उतरतं. दोन फडांच्या मधे मोकळी जागा अशी मिळून मिळते किती! त्यामुळे पुस्तिकेत 'डीप स्टॉल लँडिंग'चं (विमान मुद्दाम स्टॉलमध्ये ठेवून तीव्र उतारानं उतरवण्याचं) प्रकरण मोठं आहे, आणि गाडी अडलीय ती 'स्टॉल' या शब्दापाशी.

पहिल्या मसुद्यात 'विमान बंद पाडून उतरवा' असं आलंय. हे मोटारीच्या भाषेतून आलं. गाडीत स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं. विमानाच्या स्टॉलचा मोटरशी संबंध नसतो. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी कोन साधारण १५ अंशांच्या वर गेला की वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि पंखाची उचल घटते. मोटर पूर्ण जोरात असतानाही हे होतं. 'बंद' असं वाचलेला शिकाऊ मुलगा आधी थ्रॉटल (मोटरचा जोर) वाढवणार. करायचं असतं वेगळंच: आधी एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या, आडव्या शेपटीवरच्या पट्टीची) स्टिक पुढे ढकलून नाक खाली घ्यायचं, थ्रॉटल त्यानंतर.

दुसऱ्या मसुद्यात 'विमान बसवून उतरवा' असं सुचवलंय, कारण माळावर उडवणारी पोरं 'विमान बसलं' असंच म्हणतात. त्यावरही हरकत आली. जाणकारांनी कृपया मत द्यावं.

तळटीप

माझ्या मते परिभाषा एकदाच, नीट घडवावी. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला तेव्हाही लोकांच्या तोंडी फारसी शब्दच होते. सावरकरांचे महापौर आणि दिग्दर्शक आज कुणालाच परके वाटत नाहीत. उचलीला 'उत्थापन' म्हणावं, स्टॉलला 'उत्थापनभंग', आणि तुमच्या प्रकरणाला 'सखोल उत्थापनभंग अवतरण'. 'उतरवणे'ही नको. तो 'अवतरण' झिजून झालेला शब्द आहे. मूळ शुद्ध रूप हाताशी असताना झिजलेलं कशाला वापरायचं?

रंकाळाकाठ

तळटीप, दोन ठिकाणी असहमत.

'उतरणे' हे 'अवतरण'वरून आलेलं नाही. ते 'उत्तरण'वरून आलं, म्हणजे पाण्यातून पलीकडे जाणं, काठाला लागणं. 'नदीला उतार आहे' म्हणतो तो हाच उतार, आणि उतारूही त्याच घरातला. शब्द झिजलेला नाही, त्याचा वंशच वेगळा आहे. शिवाय आजच्या मराठीत 'अवतरण' म्हणजे दुसऱ्याचं उद्धृत केलेलं वाक्य. पुस्तिकेत 'सखोल उत्थापनभंग अवतरण' छापलंत तर वाचणारा अवतरणचिन्हं शोधेल.

दुसरी गोष्ट भाषेची नाही. 'भंग' म्हटलं की उचल संपली असं वाटतं. स्टॉलनंतर उचल कमी होते, संपत नाही. ४०-४५ अंशांच्या कोनातसुद्धा पंख बरंच बळ देत असतो, फक्त त्याबरोबर ओढ (हवेचा मागे खेचणारा विरोध) प्रचंड वाढलेली असते. ते बळ नसतं तर डीप स्टॉलनं विमान उतरलं नसतं, दगडासारखं पडलं असतं.

माळरान

रंकाळाकाठचा दुसरा मुद्दा पुस्तिकेत ठळक टाका. सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. शब्द ठरवण्याआधी क्रिया नेमकी काय आहे ते मांडतो, म्हणजे कुठला शब्द कुठे खोटा पडतो ते दिसेल.

विमान वाऱ्याच्या तोंडाला घ्यायचं. उंची जमिनीपासून ४० मीटर धरू. मोटर बंद, प्रोपेलर थांबलेला. वेग स्टॉलच्या सव्वापटीवर येऊ द्यायचा. मग आडवी शेपटी अख्खी फिरवायची, मागची कड वर, ४०-४५ अंश. एखादा सेकंद घेऊन फिरवायची, झटका द्यायचा नाही. वेग जास्त असताना किंवा झटक्यानं फिरवली तर विमान आधी वर झेपावतं, वर जाऊन वेग संपतो आणि ते एका पंखावर कोसळतं. नीट जमलं तर नाक जवळजवळ आडवं राहतं आणि विमान ४५ अंशांच्या उतारानं, पोट हवेला देत खाली येतं. घारही खांबावर टेकताना शेवटी असंच पोट पुढे करते.

नेहमीचा बिजागरीचा एलिव्हेटर २०-२५ अंश हलतो. तेवढ्यानं विमान स्टॉल होतं, पण तिथं टिकत नाही. नाक पडतं, वेग येतो, परत स्टॉल, परत नाक पडतं, असे हेलकावे सुरू होतात. अख्खी शेपटी फिरली तरच ते त्या कोनात अडकून राहतं. फ्री फ्लाइट मॉडेलवाले (रिमोटशिवाय विमान उडवणारे) थर्मलमधून (वर चढणाऱ्या गरम हवेतून) विमान खाली आणायला शेपटी अशीच उचलतात, ती युक्ती फार जुनी आहे. अमेरिकन लष्करानं वापरलेलं 'रेव्हन' हे साधारण दोन किलोचं विमान डीप स्टॉलनंच आपोआप उतरतं. आर्डूपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्येही हा पर्याय आहे.

या काळात एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या पट्ट्या) मधेच ठेवायचे. स्टॉल झालेल्या पंखावर एलेरॉन खाली केला की त्या बाजूची उचल वाढायच्या ऐवजी ओढ वाढते आणि विमान भलतीकडे वळतं. दिशा रडरनं (उभ्या शेपटीवरच्या पट्टीनं) सांभाळायची.

आता आकडे. पंखभार (विमानाचं वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ) चौरस मीटरला ५ किलो असेल तर उतरताना वेग सुमारे ८.५ मीटर प्रति सेकंद, त्यातला खाली जाणारा ६. म्हणजे १.८ मीटर उंचीवरून सोडून दिल्यासारखा आदळ. फोमचं विमान तो सोसतं, मात्र कॅमेरा पोटात आत घेतलेला हवा. पंखभार १० किलो केला की खाली जायचा वेग ८.५ होतो आणि आदळ ३.७ मीटरवरून पडल्याएवढा. तिथं ही पद्धत संपते.

वाऱ्याचा अंदाज चुकला तर जागाही चुकते. ४० मीटर उतरायला ६.७ सेकंद लागतात. वाऱ्याशिवाय विमान तेवढ्यात ४० मीटर पुढे जाईल. समोरून ४ मीटर प्रति सेकंद वारा असेल तर त्यातले २७ मीटर वाराच खातो आणि ते १३ मीटरवर टेकतं. म्हणून उतरण्याआधी त्याच उंचीवर एक-दोन घिरट्या घेऊन ऑटोपायलटला वारा मोजू द्यायचा.

एवढं सगळं 'बंद पाडणे'त कुठं बसतं?

खोडवा

माळरान, तुम्हीच 'कुठं बसतं' लिहिलंत. 'बसणे'ला इतके अर्थ आहेत हीच अडचण आहे. उद्यमनगरात बेअरिंग 'बसवतात' म्हणजे जागेवर घट्ट दाबून घालतात. पावसात भिंत 'बसली' म्हणजे ढासळली. पाखरू फांदीवर 'बसलं' ते स्वतःहून, हलकेच. पोरं 'विमान बसलं' म्हणतात तेव्हा यातला दुसरा अर्थ असतो, नको असताना पडलं हा. पुस्तिकेला पाहिजे तिसरा.

आणि मला डीप स्टॉलचं एवढं कौतुक पटत नाही. पाच किलोच्या, पंखभार जास्त असलेल्या विमानाला पर्याय आहे: फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला, धडाजवळ असलेल्या पट्ट्या) खाली ६०-७० अंश, आणि त्याच वेळी दोन्ही एलेरॉन वर १५-२० अंश. ग्लायडरवाले याला 'क्रो' म्हणतात. आतला पंख ओढ वाढवतो, टोकं कमी कोनात राहतात, म्हणून टोकाकडून स्टॉल होत नाही. उलट एलेरॉनही फ्लॅपसोबत खाली सोडले तर कमी वेगात टोक आधी सुटतं आणि विमान जमिनीजवळ एका अंगावर जातं.

फ्लॅप पडताच बऱ्याच विमानांचं नाक वर जातं. त्यासाठी रिमोटमध्ये एलिव्हेटर खाली देणारं मिक्स (दोन नियंत्रणांची जोडणी) बसवायचं (हो, इथं 'बसवायचं'च), आणि ते ५०-६० मीटर उंचीवर जुळवून घ्यायचं. क्रोमध्ये वेग पटकन मरतो, म्हणून नाक उशिरा उचलायचं, एक मीटरच्या आत. पोटावर उतरणाऱ्या विमानात टेकण्याच्या क्षणी फ्लॅप वर घेतले नाहीत तर ते जमिनीला घासून सर्वोचे (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात उडतात. प्लॅस्टिक गिअर असेल तर हमखास.

तळटीप

'उत्तरण' मान्य, व्युत्पत्ती मागे घेतो. 'उत्थापनभंग'वर मात्र ठाम आहे. लोकांच्या तोंडचा शब्द अनेकार्थी असतो हे खोडवा यांनीच दाखवलं. सुरक्षिततेच्या पुस्तिकेत एका शब्दाला एकच अर्थ हवा.

रंकाळाकाठ

एकच अर्थ हवा हे बरोबर. तो 'स्टॉल'मध्येच आहे. ब्रेक, गिअर, क्लच मराठी झाले तसा तोही होईल. पण 'डीप स्टॉल' जशाचा तसा ठेवताना एक टीप हवीच. माणसं नेणाऱ्या विमानांच्या जगात हा शब्द धोक्याचा आहे. २२ ऑक्टोबर १९६३ ला इंग्लंडमध्ये 'बीएसी वन-इलेव्हन'चं चाचणी विमान डीप स्टॉलमध्ये सापडून पडलं, आतले सातही जण गेले. त्याची शेपटी उभ्या पंखाच्या माथ्यावर होती. मोठ्या कोनात ती मुख्य पंखामागच्या खळबळलेल्या हवेत आली आणि एलिव्हेटरचा इलाज चालेना. तिथं विमान अडकतं, इथं आपण मुद्दाम अडकवतो. शेपटी पूर्वपदावर आणली की नाक खाली जाऊन वेग मिळाला पाहिजे. ही परीक्षा पुरेशा उंचीवर आधी घेतल्याशिवाय कुणी खाली उतरायला जाऊ नये, हे त्याच टिपेत लिहा.

उद्यमनगरी

सर्वांचे आभार. टीप घालतोच. 'स्टॉल' ठेवून क्रियेला 'पोट देऊन उतरवणे' म्हटलं तर? माळरान यांच्या वर्णनातूनच सुचलं.

खोडवा

'पोट देऊन' आणि 'पोटावर' यांत गल्लत होईल. प्रत्येक उतरणं पोटावरच आहे ना.

माळरान

खोडवा यांच्याशी सहमत, पण 'बसवणे'पेक्षा तेही चालेल. शब्दाचं ठरेल तेव्हा ठरेल, उसाचं मात्र पुस्तिकेत आधी घ्या, कारण परदेशी पुस्तिकांत ते मिळणार नाही.

उभा ऊस तीन मीटरपर्यंत असतो. खाली बघणारा लिडार (लेझरनं अंतर मोजणारं यंत्र) पानांपासूनचं अंतर सांगतो, जमिनीपासूनचं नाही. समजा नाक उचलायची उंची ३ मीटर ठेवलीय आणि विमान फडावरून जमिनीपासून ६ मीटरवर येतंय. लिडार ३ दाखवणार, ऑटोपायलट फडाच्या डोक्यावरच नाक उचलणार, वेग मरणार आणि विमान उसात. एकट्या बॅरोमीटरवरही भागत नाही. ऊन चढेल तसा तो एका उड्डाणात दोन-तीन मीटर सरकतो, म्हणजे नाक उचलायच्या उंचीएवढीच चूक. उपाय असा की शेवटचा टप्पा फडावरून आखायचाच नाही, रस्त्याच्या किंवा ओढ्याच्या रेषेत आखायचा.

फडाच्या आडोशाचंही तेच. वारा उसावरून येत असेल तर विमान उसाच्या शेंड्याखाली येताच समोरचा वारा एकदम पडतो. हवेतला वेग ११ वरून ८ मीटर प्रति सेकंदावर आला की स्टॉल, तोही दोन मीटरवर. टेकण्याची जागा फडापासून उसाच्या उंचीच्या दहापट, म्हणजे ३० मीटर तरी लांब ठेवा. तोडलेल्या रानात पाचट पसरलेलं असेल तर उत्तम, पण पाचट जाळलेलं आणि बुडखे उघडे असतील तर ते फोम फाडतात.

समुद्रसपाटीचे आकडेही छापू नका. इथं ५७० मीटर उंची आणि एप्रिलात ३५ अंश धरले तर हवेची घनता घनमीटरला १.०७ किलो येते, प्रमाण १.२२५ आहे. पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) तोच वेग दाखवेल, पण प्रत्यक्ष वेग ७ टक्के जास्त आणि घसरत जायचं अंतर १४ टक्के जास्त.

रंकाळाकाठ

'बुडखे' आमच्याकडे आहेच, पण गगनबावड्याकडेही हाच शब्द चालतो का? 'खोडकी'ही ऐकण्यात आहे.

खोडवा

दोन्ही चालतात. बुडखा जमिनीलगतचा, खोडकी कापल्यावर वर राहिलेली, असा फरक बरेच जण करतात.

तळटीप

पाच किलोच्या विमानाला हवाई छत्री का नको? तो शब्द तरी वादाचा नाही.

खोडवा

चालेल, गणित करून. ५ किलोला ५ मीटर प्रति सेकंदानं उतरवायचं तर आपल्या हवेत सुमारे ३.७ चौरस मीटर कापड, म्हणजे २.२ मीटर व्यासाची छत्री. ५० मीटरवर उघडली तर खाली यायला १० सेकंद, आणि ४ मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्यात ४० मीटर वाहून जाते. दोन फडांमधली जागा साधायची असेल तर हे फार झालं. डीप स्टॉलमध्ये निदान रडर तरी हातात असतो. छत्री वापरायचीच असेल तर मोटर आधी बंद, प्रोपेलर पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडायचं. पुशर (मागे बसवलेली, पुढे ढकलणारी) मोटर असेल तर छत्रीच्या दोऱ्या सरळ तिच्याकडेच जातात.