लाडवासाठी एफओएस पावडर, ५०० च्या आत, टेस्टिंग झालेली कुठली घेऊ?

राजारामपुरीची_सून: घरून नाचणीचे लाडू विकते. काही गिऱ्हाइकं शुगरवाली आहेत, त्यांच्यासाठी साखरेऐवजी फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड, म्हणजे एफओएस, घालायचा विचार चाललाय. पण एक काका विचारतात, ह्याची टेस्टिंग झालीय का, कॅन्सर-बिन्सर होत नाही न्हवं? बजेट ५०० च्या आत.

रस्सा_किंग: ताई ५०० सोडा ओ, मी १८०० ची इंपोर्टेड डबी मागवली, एक नंबर हाय. स्टीव्हिया आहे, एफओएस न्हाई, पण गोड लागतंय की.

गूळवाला_अडत्या: जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला कोल्हापुरी गूळ सोडून पावडरी कशाला?

क्यूसी_पोरगा: काका शुगरवाल्याला गूळ?? तीही साखरच.
ताई, उंदरांना १०४ आठवडे म्हणजे दोन वर्षं हे खायला घालून बघितलंय, कॅन्सर होतो असं निघालं नाही. जनुकांना इजा होते का त्याच्या टेस्टही निगेटिव्ह. २००० साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, कंपनीनं दिलेल्या सेफ्टी नोटिशीवर आमचा काही प्रश्न नाही म्हणून कळवलं. जो त्रास दिसतो तो पोटाचा, कारण छोट्या आतड्यात हे पचतच न्हाई, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात, गॅस होतो. तसं कांदा-लसणातपण असतंय हे.

पोट_बिघाड: गॅस?! मी दुधातनं सिरप चांगलं पळीभर घेतलं, रात्रभर पोटात बुलेट चालू. बंद करा असलं.

शिरोली_एमआयडीसी: पाकिटावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न खात्याचा) १४ अंकी लायसन्स नंबर बघा, असला की टेस्टिंग झालेलंच असतंय.

क्यूसी_पोरगा: न्हाई भावा, ते लायसन्स धंद्याचं. त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागा, आणि एफओएस किती टक्के ते बघा, ५५ टक्केवाल्या सिरपात उरलेली साखर-ग्लुकोज असतीय, शुगरवाल्याला काय उपयोग? ९५ टक्केवाली पावडर घ्या. पण खरी अडचण वेगळीच, ह्याचा गोडवा साखरेच्या एक तृतीयांश. एका लाडवात १० ग्रॅम साखर घालत असाल तर तेवढं गोड व्हायला ३० ग्रॅम लागंल, दोन लाडू खाल्ले की गिऱ्हाईक संडासात.

रंकाळा_वॉकर: मी पण तेच सांगणार होतो, गॅस होतो. स्टीव्हिया घ्या.

गूळवाला_अडत्या: गुळाला साखर म्हणणाऱ्यानं आधी भेंडीचा रस घालून मळी काढलेला गूळ खावा. हायड्रॉस (रंग उजळायचं केमिकल) मारलेला पिवळाधमक घेता आणि आम्हाला शिकवता.

पोट_बिघाड: पिवळाधमक तुमच्याच यार्डात मिळतोय की काका.

राजारामपुरीची_सून: धन्यवाद सगळ्यांना. त्या काकांना टेस्टिंगचं सांगितलं, पटलं त्यांना. पण ३० ग्रॅमचा हिशेब बघून लाडूच नको वाटायला लागले. शुगरवाल्यांना नाचणीच्या चकल्या देते, गोडाचा प्रश्नच नको.

रस्सा_किंग: तेल कुठलं वापरता ताई? मी घाण्याचं शेंगतेल आणलंय, जरा महाग पडलं पण लै भारी.